परंपरा घराची, सुया एकीच्या

नाताळसाठी घरातल्या प्रत्येकाला एकाच पॅटर्नचा, हाताने विणलेला मोजा ही मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून 'दुसऱ्यांच्या सणात खोड्या काढायला ह्याचं काय जातंय' असं कुणीतरी म्हणणारच. मोज्यांशी माझं काहीच भांडण नाही. भांडण आहे ते 'आमच्या घराची परंपरा' ह्या तीन शब्दांपैकी मधल्या शब्दाशी. ही परंपरा बहुतेक ठिकाणी घराची नसतेच मुळी. ती घरातल्या एका बाईची असते. बाकीचे सगळे नुसते लाभार्थी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत २४ डिसेंबरच्या रात्री मुलं फायरप्लेसच्या वरच्या फळीला मोजे टांगतात. रात्री सांता येतो आणि त्यात खाऊ, खेळणी, टोकाशी एखादं संत्रं असं भरून जातो. हे मोजे पायात घालायचे नसतात, चांगले हातभर लांब असतात. दुकानात ते ढिगाने मिळतात. पण कित्येक घरांत आजी ते स्वत: विणते, एकाच पॅटर्नवरून, घरातल्या प्रत्येकासाठी एक. वरच्या पट्टीत नाव आणि बरेचदा जन्मसाल, खाली सांता किंवा झाड किंवा हरीण. सांताची दाढी अंगोरा लोकरीची, म्हणजे ती खरीखुरी पिंजारलेली दिसते. पॅटर्न बहुधा १९४०-५० च्या दशकांतल्या कुठल्यातरी पुस्तिकेतला, झेरॉक्सची झेरॉक्स होत होत अर्धा पुसलेला. मूल जन्मलं की मोजा. सून आली, जावई आला की मोजा.

आता इथे मेख आहे. हा सारखेपणा नुसता शोभेपुरता नसतो. एका ओळीत टांगलेले चौदा सारखे मोजे म्हणजे त्या घराचं हजेरीपत्रक. ज्याचं नाव त्यात आहे तो आपला. त्यामुळे त्याच ओळीत पंधरावा मोजा दुकानातून आणलेला, लाल मखमलीचा, बिननावाचा टांगला की कुणी काही न बोलता त्या माणसाला कळतं की आपलं अजून व्हायचंय. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला मोजा द्यायचा का? मुलाच्या दुसऱ्या बायकोला पहिल्या लग्नापासून मुलगी आहे, तिला? घटस्फोट झाला तर सुनेच्या मोज्याचं काय करायचं, पेटीत ठेवायचा की तिला देऊन टाकायचा? हे सगळे प्रश्न घराचे आहेत. पण त्यांची उत्तरं देते सुया हातात असलेली बाई. आणि तीही उत्तर दिलं असं न दाखवता, कारण बाकीचे 'आजीला वेळ झाला की ती करेलच' एवढं म्हणून मोकळे झालेले असतात.

माझ्या प्रोजेक्टवर मिनेसोटातला एक सहकारी आहे. चांगला माणूस. कोड रिव्ह्यूमध्ये एक स्पेस जास्त पडली तरी सोडत नाही. डिसेंबरात एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने मला घरातल्या जिन्याचा कठडा दाखवला. फळीवरची जागा संपली म्हणून मोजे कठड्याला टांगलेले. एकूण एकोणीस, सगळे त्याच्या आजीने विणलेले. विसावा यायचा होता, त्याच्या सात महिन्यांच्या मुलीचा. आजीची बोटं संधिवातामुळे आता नीट वळत नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"करतेय हळूहळू. शी लव्ह्ज इट."

"तुला येतं विणायला?"

ह्यावर तो इतका मनापासून हसला की पुढचा प्रश्न मी गिळून टाकला. पुढचा प्रश्न असा होता: एवढं माणसांनी भरलेलं घर, आणि त्यात विणायला येणारी एकच कशी?

आमच्या धंद्यात ह्यासाठी एक शब्द आहे, बस फॅक्टर. किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडते. ताबडतोब डॉक्युमेंटेशन, ताबडतोब नॉलेज ट्रान्सफर, दोन ज्युनिअर त्या माणसाच्या शेजारी आणून बसवायचे. कंपनीत जी गोष्ट आपण धोका म्हणून ओळखतो, तीच घरात आल्यावर आपल्याला गोड कशी काय वाटते?

ह्या कामाचा आवाका किती असतो ते बघू. हिशेब माझा आहे, पण आकडे नेहमीच्या जाड लोकरीचे आहेत. इंचाला ५ टाके, उंचीत इंचाला ७ ओळी. मोज्याचा घेर ६४ टाके. वरचा भाग १४ इंच म्हणजे ९८ ओळी, तळव्याचा भाग ७ इंच म्हणजे ४९ ओळी. १४७ गुणिले ६४ म्हणजे ९,४०८. त्यात टाच मिळवा, साधारण दहा हजार टाके झाले. मिनिटाला २० टाके धरले तर आठ तास वीस मिनिटं. पण हा झाला सपाट एकरंगी मोजा. नाव विणायचं, सांताच्या गालाला गुलाबी लोकर आणायची, मागे लोंबणारे धागे एकेक करून आत ओवायचे, चुकलं तर चार ओळी उसवायच्या. दुप्पट वेळ सहज जातो. १५ ते २० तास धरा. एकोणीस मोज्यांचे २८५ ते ३८० तास. ४० तासांचा आठवडा धरला तर सात ते साडेनऊ आठवडे, पूर्ण वेळ. ह्याला 'आजीची हौस' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा आकडा स्वत:च्या टाइमशीटवर लिहून बघावा.

ह्यावर पहिला प्रतिवाद ठरलेला आहे: "अहो, पण तिला आवडतं!" आवडत असेल. मी कशाला नाही म्हणू? मलाही कोडिंग आवडतं. म्हणून आख्ख्या टीमची ऑन-कॉल ड्यूटी बारा महिने मीच करावी असं कुणी म्हटलं तर मी त्याच दिवशी रेझ्युमे अपडेट करायला घेईन. शिवाय हौसेला तारीख नसते. ह्या हौसेला आहे: २४ डिसेंबर. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मूल जन्मलं तरी तीच. आणि आवडतं की नाही हे तिला कधी विचारलं जातं? वीस वर्षांपूर्वी आवडत होतं म्हणून आजही आवडतंय असं आपणच ठरवून टाकतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं. वळत नसलेल्या बोटांनी ती नातीच्या मुलीचं नाव विणत बसते ह्यात प्रेम नक्कीच आहे. आजूबाजूचे सगळे धडधाकट लोक सोफ्यावर बसून 'किती गोड' म्हणतात, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरा प्रतिवाद मला ऐकायला जास्त आवडतो, कारण तो यंत्रांविषयी आहे: "एवढं कशाला? मशिनवर करून घ्या." मंडळी, ही सूचना चारशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम लीने मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये बनवलं. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारलं, हाताने विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल म्हणून, अशी गोष्ट सांगतात. ली बिचारा फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. पण त्याची यंत्रं काही थांबली नाहीत. पुढे नॉटिंगहॅमचा सगळा परिसर मोज्यांच्या मागांनी भरून गेला. १८११ मध्ये लुडाइटांनी जे माग फोडायला सुरुवात केली ते हेच. आणि त्यांचा राग सरसकट यंत्रावर नव्हता, हे आपण आयटीवाल्यांनी तरी लक्षात ठेवावं. मजुरी पाडली जात होती, आणि रुंद मागावर सलग कापड विणून, ते कापून, शिवून हलके मोजे बाजारात आणले जात होते, ह्यावर त्यांचा राग होता. सरकारने १८१२ मध्ये माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवणारा कायदा केला. लॉर्ड्सच्या सभागृहात कवी बायरन त्याच्याविरुद्ध बोलला, त्याचं तिथलं पहिलंच भाषण. उपयोग झाला नाही.

एवढा इतिहास सांगायचं कारण असं. मोजा हवा म्हणून मोजा विणण्याची गरज माणसाला कित्येक पिढ्यांपूर्वी संपली. त्यानंतरही कुणी हाताने विणत असेल तर त्यात एकच किंमत उरते, ती म्हणजे कुणाचा तरी त्यात गेलेला वेळ. बाकी लोकर, रंग, नाव, सांता हे सगळं यंत्राला जमतं. मग जर वेळ हाच ह्या वस्तूचा अर्थ असेल, तर तो कुणाचा हा प्रश्न किरकोळ कसा? एकोणीस मोज्यांत एकाच बाईचा वेळ असेल तर त्या एकोणीस जणांनी एकमेकांना काहीच दिलेलं नाही. तिने सगळ्यांना दिलंय. हे कौतुकाचं आहेच, पण ते तिचं कौतुक आहे. घराने ते आपल्या नावावर खपवू नये.

(पैसे देऊन विणून घ्यायला माझी हरकत नाही. एट्सीसारख्या ठिकाणी जुन्या मोज्याचा फोटो बघून तसाच मोजा विणून देणारे लोक आहेत, आणि ते त्यांचं प्रामाणिक पोट भरण्याचं साधन आहे. फक्त मग 'आम्ही विणतो' म्हणू नका, 'आम्ही विणून घेतो' म्हणा.)

तिसरा प्रतिवाद खरोखर तांत्रिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. "हात बदलला की मोजा जुळत नाही." बरोबर आहे. प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी घट्ट विणतं, कुणी सैल. त्याच सुया, तीच लोकर, तेवढेच टाके, तरी एकाचा मोजा दुसऱ्यापेक्षा इंचभर मोठा होतो. लोकरीचंही तेच. रंगाचा लॉट बदलला की लाल तोच राहत नाही, आणि जुनी लोकर तर बनायचीच बंद झालेली असते. पण ह्यावर उपाय विणणाऱ्यांना केव्हापासून ठाऊक आहेत. आधी चार इंचांचा नमुना विणून टाके मोजायचे. घट्ट हात असेल तर सुई एक नंबर जाड घ्यायची, सैल असेल तर बारीक. विणून झाल्यावर ओला करून, मापात ताणून, टाचण्या लावून वाळवायचा.

आणि एक हात, एक माप हा हट्ट किती पोकळ आहे ह्याचा पुरावा खुद्द अमेरिकेच्या इतिहासात आहे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा रेड क्रॉसने लोकांना सैनिकांसाठी मोजे, स्वेटर, मफलर विणायला सांगितलं. छापील सूचना वाटल्या, इतके टाके घाला, इतके इंच विणा, टाच अशी वळवा. बायका विणत होत्याच, पण शाळेतली मुलं-मुली विणत होती, पुरुषही विणत होते. एकमेकांना कधीही न भेटलेल्या हातांनी एकाच स्पेसिफिकेशनवर काम केलं, आणि ते मोजे खंदकात उभ्या असलेल्या पायांना झाले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. 'लाइफ' मासिकाच्या २४ नोव्हेंबर १९४१ च्या अंकाचं मुखपृष्ठच विणकाम कसं करावं ह्या विषयाचं होतं. ज्या देशात अनोळखी माणसांचे मोजे जुळले, तिथे सख्ख्या नातवाचा मोजा आजीच्या मोज्याशी जुळणार नाही म्हणे!

"पुरुषांना कसं जमणार" हा उप-प्रतिवाद इथेच उरकून घेऊ. यॉर्कशर डेल्समधल्या डेंट गावात एके काळी पुरुष, बायका, पोरं सगळेच मोजे विणत. संध्याकाळी एकेकाच्या घरी जमायचं, एकाच चुलीपाशी बसून गप्पा मारत विणायचं. रॉबर्ट साउदी ह्या कवीने त्यांच्या झपाट्याबद्दल लिहून ठेवलंय. जर्सी बेटावर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लोक विणकामात इतके गुंतले होते की सुगीच्या दिवसांत विणायला बंदी घालणारा कायदा करावा लागला. तेव्हा विणकाम हे बायकी काम आहे हे काही बायबलात लिहिलेलं नाही. आणि आपल्यापैकी ज्यांनी पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून घासून काटकोनात आणलाय, त्यांनी तर 'हात वळत नाही' हे कारण देऊच नये. ड्रॉइंगच्या शीटा काचेवर ठेवून, खाली बल्ब लावून जीटी मारणारे आपण. ग्राफ पेपरवरचा सांता चौकटी मोजत उतरवणं आपल्याला जमणार नाही? एक चौकट म्हणजे एक टाका. ह्याहून सोपा बिटमॅप मी बघितलेला नाही :)

आता काही हुशार लोक उलट टोकाला जातात. "मुळात हे सगळं बाजाराने लादलेलं फॅड आहे, सोडून द्या." हेही मला पटत नाही. मोजे टांगणं तसं जुनंच आहे. संत निकोलसच्या दंतकथेची एक आवृत्ती अशी आहे की गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्याने गुपचूप आत टाकलेलं सोनं वाळत घातलेल्या मोज्यात पडलं. क्लेमंट क्लार्क मूरच्या नावावर असलेली सांताची ती प्रसिद्ध कविता न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात २३ डिसेंबर १८२३ ला छापून आली, तिच्यातही धुराड्यापाशी टांगलेले मोजे आहेत. पण ते मोजे कसले होते? रोजचे, पायातले. ज्याचा जो होता तो त्याने टांगला. नाव-साल घातलेला, सगळ्यांचा सारखा, खास विणलेला मोजा हा त्या मानाने अगदी अलीकडचा आहे, बहुतेक घरांत तीन-चार पिढ्यांचा. म्हणून तो खोटा ठरत नाही. उलट एवढ्या अलीकडे कुणीतरी तो सुरू केला, तेव्हा त्याचे नियम आजही बदलता येतात, एवढाच त्याचा अर्थ. देवाने सांगितलेलं असतं तर गोष्ट वेगळी.

आणि "तुला काय करायचंय, तू कुठला?" ह्याला उत्तर सोपं आहे. एक सुलट, एक उलट हे शब्द आमच्याही घरात ऐकलेत. मुंबई-पुण्याच्या हवेत ज्याचा महिनाभरही उपयोग नाही असे स्वेटर आमच्याकडच्या बायकांनी लोकलमध्ये बसून, उन्हाळ्यात घामाच्या धारा पुसत विणलेत. घातले सगळ्यांनी, सुई कुणी उचलली नाही. त्यामुळे हा रोग मला लांबूनसुद्धा ओळखू येतो.

नुसती टीका करून पळ काढत नाही. तोडगा सांगतो, आणि तो एका वाक्याचा आहे: ज्याच्यामुळे घरात नवा माणूस आला, त्याने त्या माणसाचा मोजा विणायचा. मूल झालं तर आईबापाने. त्यातही आई नुकती बाळंत झालेली असते, तेव्हा खरं तर बापाने. मुलाने बायको आणली तर मुलाने, मुलीने नवरा आणला तर मुलीने. एवढा एक नियम केला की बरेच गुंते आपोआप सुटतात. लग्न न करता राहणाऱ्या जोडीदाराला मोजा द्यायचा का, हे आजीला ठरवावं लागत नाही. ज्याला तो माणूस आपला वाटतो, तो दहा हजार टाके घालायला बसेल. नाही बसला, तर तेही सगळ्यांना दिसेल. आजी हवी तर रिव्ह्यूअर. टाच वळवताना अडलात की तिच्याकडे जा, चुकलात की ती उसवायला लावेल. पॅटर्नची ती पुसट झेरॉक्स एकदा नीट नव्या ग्राफ पेपरवर उतरवा, तिच्या डोक्यातल्या सगळ्या 'इथे मी दोन टाके कमी करते' ह्या नोंदींसकट. ती आहे तोवर उतरवा. हे डॉक्युमेंटेशन नंतर होत नाही, कुठल्याच प्रोजेक्टवर होत नाही.

मग मोजे तंतोतंत सारखे राहणार नाहीत. एकाची टाच सुजल्यासारखी दिसेल, एकाच्या सांताचे डोळे तिरळे होतील, विसावा मोजा एकोणिसाव्यापेक्षा बोटभर लांब होईल. होऊ दे. पॅटर्न एक, हात वीस. माझ्या मते ह्यालाच जुळणं म्हणतात.

आणि हे कुणालाच करायचं नसेल तर तेही चालेल, फक्त तसं सरळ सांगा. जुने मोजे टांगा, नव्या माणसांना दुकानातले आणा, आणि म्हातारीच्या मांडीवरची लोकर उचलून ठेवा. 'तुझ्याशिवाय कुणाला जमणार?' हे वाक्य मात्र पुन्हा म्हणू नका. त्या वाक्यात स्तुती कमी आणि हुकूम जास्त आहे.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा हिशेब. दहा हजार टाके भागिले ३६५ म्हणजे दिवसाला २८. सराव असलेल्या हाताला दीड मिनिट, नवशिक्याला पाच, फार तर दहा. वर्षभर रोज दहा मिनिटं स्वत:च्या मुलीच्या नावासाठी काढता येत नसतील, तर 'आमच्या घराची परंपरा' म्हणू नये. 'आमच्या आजीचं विणकाम' म्हणावं. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि निदान ते खरं तरी आहे.